घर नेमके कुणासाठी दुरुस्त करायचे?

आमच्या भाईंदरच्या घराची दुरुस्ती काढायची ठरली, तेव्हा एरवी चहालाही न येणारी मंडळी सल्ला द्यायला येऊन गेली. एकाने पीओपीचे छत सुचवले, दुसऱ्याने मॉड्युलर किचन, तर तिसऱ्याने बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंतच पाडायला सांगितली. घर तीनशे चौरस फुटांचे, वन रूम किचन. राहणारी माणसे चार. गाठीला अडीच लाख रुपये, आणि कंत्राटदाराचा अंदाज साडेपाच लाखांचा!

गिरगावातल्या चाळीतली खोली सोडून आम्ही १९९२ साली नवघर रस्त्यावर राहायला आलो. घरातला नळ आणि घरातला संडास हेच तेव्हा आम्हाला वैभव वाटले. गिरगाव-परळची कितीतरी कुटुंबे अशीच पश्चिम रेल्वेच्या रुळांबरोबर उत्तरेकडे सरकली. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार होती, ती २०११मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. आमच्या वेळच्या इमारतींनी आता तिशी ओलांडली आणि त्यांत हौसेने घर घेणारी माणसे सत्तरीपार गेली. घराला आणि माणसाला एकाच वेळी डागडुजी हवी आहे, आणि पैसा मात्र एकालाच पुरेल एवढा आहे.

गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली. मनगटावर निभावले. कंत्राटदाराच्या अंदाजात मात्र छत आणि शोकेस यांनाच मोठी रक्कम होती. न्हाणीघराला गुळगुळीत, चकचकीत फरशी. "साहेब, थोडी भर घाला, येणारी माणसं बघत राहतील," तो म्हणाला. आई कोपऱ्यातून म्हणाली, "बघणारे बघून जातील रे. राहायचं आपल्याला आहे."

मग बायकोने सुचवले की, खर्चाची यादी करण्याआधी त्रासाची यादी करू. आठवडाभर आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत गेलो. आई रात्री दोनदा उठते, पण दिव्याचे बटण दाराआड. ओटा चौतीस इंच उंच आणि बायकोची उंची पाच फुटांना कमी. पोळ्या लाटून खांदे भरून येतात. मुलीला वही पसरायला जागा नाही. पावसाळ्यात खिडकीखालची भिंत ओली होते. या यादीत छत कुठेच नव्हते.

पहिला लाखभर रुपया न्हाणीघरात गेला. जुनी फरशी काढून वॉटरप्रूफिंग केले, दोन दिवस पाणी तुंबवून ठेवले आणि खालच्यांच्या छताला ओल नाही हे पाहूनच खरखरीत फरशी बसवली. भिंतीत स्टीलचे दोन दांडे आले. मग जुन्या वायरिंगचा नंबर. गळती होताच वीज तोडणारा स्विच त्यातच बसवला. आईच्या उशाशी बटण आले. ओटा कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली असावा, या हिशेबाने तो एकतीस इंचांवर आणला. मुलीसाठी भिंतीला बिजागरीची फळी लावली. अभ्यास झाला की मिटते. खिडकीची फट बुजवली. खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून बिजागऱ्या आणि स्क्रू तेवढे स्टेनलेस स्टीलचे घेतले. रंग शेवटी, उरलेल्या पैशांत.

भिंत आम्ही पाडली नाही. घाटकोपरची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावरच्या फेरफारांत खांबांना धक्का लागल्याचा आरोप तेव्हा झाला. आपले घर म्हणजे इतरांच्याही डोक्यावरचे आणि पायांखालचे घर असते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी, तर त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायला सांगितली आहे. हातोडा उचलण्याआधी संस्थेकडे तो अहवाल मागायला हवा. त्यात इमारत धोकादायक ठरली असेल, तर घरात एक रुपयाही घालू नये.

एक आक्षेप मात्र खराच वजनदार आहे. "उद्या पुनर्विकास होणार, मग हा खर्च कशाला?" असे आमच्या संस्थेतले निम्मे सभासद विचारतात. पुनर्विकास व्हावा, मलाही हवा आहे. पण संमती, करार, परवानग्या यांत वर्षे जातात आणि आईला अंघोळ रोज सकाळी करायची असते. पाडायच्या घरात संगमरवर घालणे हा वेडेपणा आहे हे कबूल. पण त्याच कारणाने दोन दांडेही न लावणे मला निव्वळ हलगर्जीपणा वाटतो. उद्याच्या मोठ्या घराची वाट पाहताना आजच्या घरात राहणाऱ्याचे हाड मोडू नये, एवढी तरी खबरदारी आपल्या हातात असते.

सगळा खर्च दोन लाख पस्तीस हजारांत बसला. परवा एक पाहुणे आले. चहा पिता पिता इकडेतिकडे पाहून म्हणाले, "दुरुस्ती काढली होती ना? कधी सुरू करताय?" आई तेव्हा न्हाणीघरातून येत होती, कुणाला हाक न मारता.