फरशीपूर्वी खोलीचे माप

पेढीवरचा काटा रतीभर हलला तरी ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, तीच मंडळी घराची फरशी बदलताना 'खोली दहा बाय चौदा' एवढ्या अंदाजावर खोक्यांची मागणी नोंदवतात. गंगापुरातील जुन्या घरांत हा अंदाज सहसा फसतो. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मातीच्या जोडाईच्या भिंती तिच्याबरोबर सरकतात आणि खोलीचा एखादाच कोपरा गुण्यात उरतो.

अशा वाकड्या खोलीचे गणित जैन परंपरेला नवे नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त क्षेत्रफळाचे व्यावहारिक आणि सूक्ष्म असे दोन प्रकार सांगितले. चौकोनाचे व्यावहारिक फळ म्हणजे समोरासमोरच्या बाजूंच्या बेरजा निम्म्या करून त्यांचा केलेला गुणाकार. हे फळ खऱ्या क्षेत्रफळाहून कधीच कमी भरत नाही; खरेदीदाराला हवे असते ते हेच.

समजा, समोरासमोरच्या भिंती १४ फूट आणि १४ फूट ६ इंच, उरलेल्या दोन १० फूट ६ इंच आणि ११ फूट आहेत. १४.२५ गुणिले १०.७५, म्हणजे सुमारे १५३ चौरस फूट. (सहा इंच म्हणजे अर्धा फूट, चिठ्ठीवर '१४.६' लिहिले की हिशेब तिथेच बिघडला.) चार फरश्यांचे खोके साडेपंधरा चौरस फुटांचे, तेव्हा दहा खोकी पुरतील असे वाटते. परंतु 'दोन बाय दोन'ची फरशी प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची, दोन फुटांहून किंचित लहान असते. पाच-पाच अखंड फरश्यांच्या सात ओळी बसल्यावर कडेच्या तुकड्यांसाठी आणखी सात लागतात. झाल्या ४२. चार इंची स्कर्टिंग तर बहुतेक जण विसरतातच: तीन फुटी दार वजा जाता ४७ फूट, एका फरशीतून पाच पट्ट्या, म्हणजे आणखी पाच फरश्या. बारा खोक्यांत उरते ती एकच. फुटतुटीसाठी तेरावे हवेच.

माप भिंतीच्या पायथ्याशी, दोन्ही टोकांना आणि मध्येही घ्यावे. उंबरठ्याखालची जागा व कोनाडे वेगळे लिहावेत. सर्व खोकी एकाच बॅच क्रमांकाची आणि एकाच वेळी घ्यावीत. कमी पडलेले खोके दुसऱ्या खेपेतून आणल्यास रंगछटेतला फरक दिवाणखान्यात वर्षानुवर्षे दिसत राहतो. न उघडलेले खोके दुकानदार परत घेणार का, हे पैसे मोजण्यापूर्वीच ठरवून बिलावर लिहून घ्यावे.