बधिर बोटे आणि ब्रेक

पुण्या-नाशिकाकडे थंडी पडली की पहाटे कामावर निघालेला दुचाकीस्वार कानटोपी चढवितो, हात मात्र उघडेच ठेवतो. पारा १० अंशांवर असता ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला सुमारे ५ अंशांची थंडी झोंबते. बोटे बधिर होतात व ब्रेक दाबण्यास विलंब लागतो. त्या वेगात सेकंदाच्या विलंबाने गाडी सुमारे १७ मीटर पुढे जाते, आणि तेवढ्या अंतरात एखादे शाळकरी पोर रस्ता ओलांडीत असू शकते! हातमोज्यांना चैन समजणाऱ्यांनी याचा विचार करावा. कानटोपी घातली म्हणून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने घातलेले हेल्मेटचे बंधनही सुटत नाही. स्वतःच्या उबेसाठी नसेल, तर निदान परक्याच्या जिवासाठी ही दक्षता घ्यावी, असे आमचे सांगणे आहे.