आरटीएक्स ए४००० की ४००० एडा? गुहागरच्या छोट्या ऑफिसला कुठलं ग्राफिक्स कार्ड परवडेल?

२०२५ च्या शेवटापासून कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला गेलेल्या अनेकांना दुकानदाराकडून एकच वाक्य ऐकायला मिळालं, 'मेमरी महागलीय.' कारण एआय. जगभर उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटर्सना मेमरी चिप हव्या आहेत आणि कारखाने आधी त्यांची मागणी पुरवत आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने तर सामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रूशियल' हा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

ग्राफिक्स कार्डातही हीच मेमरी असते. त्यामुळे हा विषय फक्त मोठ्या कंपन्यांचा राहिलेला नाही. गुहागरसारख्या गावात घरांचे आणि होमस्टेचे थ्रीडी आराखडे करणारे आर्किटेक्ट असतात, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे असतात, तालुक्यातल्या वेळणेश्वरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारे विद्यार्थी असतात. लाखाच्या घरातली खरेदी चुकली, तर ती त्यांना पुढची चार वर्षं नडते.

अशा खरेदीत दोन नावं बरेचदा समोर येतात. एनव्हिडियाचं २०२१ चं आरटीएक्स ए४००० आणि त्याच जागी २०२३ मध्ये आलेलं आरटीएक्स ४००० एडा. दोन्ही 'प्रोफेशनल' कार्डं. नावं इतकी सारखी की गोंधळ होणारच. मग फरक काय आहे, आणि पैसे कुठल्यात वसूल होतात?

प्रोफेशनल म्हणजे नेमकं काय?

गेमिंगचं कार्ड आणि प्रोफेशनल कार्ड यांच्यातली चिप बरेचदा एकाच घराण्यातली असते. फरक बाकीच्या गोष्टींत असतो. प्रोफेशनल कार्डाचे ड्रायव्हर डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर तपासून प्रमाणित केलेले असतात. मेमरीत चुकून एखादा आकडा बदलला तर ती चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी ही सोय असते. आणि आकार आटोपशीर असतो. ही दोन्ही कार्डं कॅबिनेटमध्ये एकाच खाचेची जागा घेतात.

या गोष्टींची गरज नसेल, तर त्याच पैशात गेमिंगचं कार्ड जास्त वेगवान मिळू शकतं. त्यामुळे पहिला प्रश्न 'कुठलं प्रोफेशनल कार्ड' हा नसून 'प्रोफेशनल कार्ड लागतं का' हा आहे.

कागदावर दोघांची तुलना

दोन्ही कार्डांत गणित करणारे छोटे घटक, म्हणजे कुडा कोअर, अगदी सारखेच आहेत. ६,१४४. पण नव्या कार्डाची चिप पुढच्या पिढीच्या तंत्राने बनली असल्याने ती जास्त वेगाने चालते. ए४००० सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ लाख कोटी आकडेमोडी करतं. तांत्रिक भाषेत १९.२ टेराफ्लॉप्स. ४००० एडा २६.७ टेराफ्लॉप्सपर्यंत जातं. म्हणजे कागदावर साधारण ३९ टक्के जास्त.

मेमरी जुन्यात १६ जीबी, नव्यात २० जीबी.

इथवर सगळं नव्याच्या बाजूने आहे. पण एका आकड्यात जुनं कार्ड पुढे आहे. चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता जुन्यात २५६ बिट रुंद आहे, नव्यात १६० बिट. त्यामुळे जुन्या कार्डात सेकंदाला ४४८ जीबी डेटा ये-जा करू शकतो, नव्यात ३६० जीबी. एनव्हिडियाने ही कमतरता चिपच्या आतला साठा, म्हणजे कॅश, मोठा करून बरीच भरून काढली. वारंवार लागणारा डेटा जवळच ठेवला की मेमरीपर्यंतच्या फेऱ्या कमी होतात. मात्र प्रत्येक कामात हा उपाय चालत नाही.

एकच हिशोब, तीन उत्तरं

बाजारात आलं तेव्हा ए४००० ची किंमत सुमारे १,००० डॉलर होती, ४००० एडाची १,२५०. भारतात आयातीचा खर्च आणि १८ टक्के जीएसटी धरून आकडा बराच वर जातो, आणि तो दुकानागणिक बदलतो. पण तुलनेसाठी मूळ किमती पुरेशा आहेत.

वेगाच्या हिशोबाने पाहिलं तर जुन्यात एका टेराफ्लॉपला साधारण ५२ डॉलर पडतात, नव्यात ४७. इथे नवं कार्ड स्वस्त.

मेमरीच्या हिशोबाने पाहिलं तर १,००० भागिले १६ आणि १,२५० भागिले २०, दोन्हीचं उत्तर ६२.५ डॉलर प्रति जीबी. इथे बरोबरी.

डेटाच्या ये-जा करण्याच्या हिशोबाने पाहिलं तर सेकंदाला १ जीबीमागे जुन्यात सव्वादोन डॉलरच्या आसपास, नव्यात साडेतीनच्या आसपास. इथे जुनं कार्ड स्वस्त.

म्हणजे 'पैसे वसूल' कुठल्यात, याचं उत्तर कार्डावर छापलेलं नाही. तुमचं काम या तिघांपैकी कुठे अडतं, त्यावर ते ठरतं.

कुठल्या कामाला कुठलं?

थ्रीडी रेंडरिंग, म्हणजे आराखड्यावरून फोटोसारखं चित्र किंवा फिरता व्हिडिओ तयार करणं, हे मुख्यतः आकडेमोडीचं काम आहे. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या कार्डाचा वेग सरळ दिसतो. जुन्याला १० तास लागणारं काम नवं कार्ड कागदी हिशोबाने सव्वासात तासांत संपवेल. प्रत्यक्षात फरक थोडा कमी-जास्त होईल, पण दिशा हीच राहील.

झाडं, गवत, कौलं, पाण्याचे पृष्ठभाग असलेला मोठा देखावा १६ जीबीत मावत नसेल, तर प्रश्न वेगाचा राहत नाही. मेमरी संपली की काम खूप मंदावतं किंवा बंद पडतं. असं वारंवार होत असेल तर जादा ४ जीबीसाठीच नवं कार्ड घ्यावं.

घरच्या मशीनवर एआयचं भाषा मॉडेल चालवायचं असेल तर चित्र उलटं होतं. उत्तराचा प्रत्येक तुकडा तयार करताना जवळपास पूर्ण मॉडेल मेमरीतून वाचावं लागतं. मॉडेल ८ जीबीचं असेल तर ४४८ भागिले ८, म्हणजे जुन्या कार्डाची कमाल मर्यादा सेकंदाला ५६ तुकडे, आणि नव्याची ४५. मोठी कॅशही इथे उपयोगी पडत नाही, कारण मॉडेल तिच्यात मावतच नाही. मात्र मॉडेल १७-१८ जीबीचं असेल तर ते फक्त नव्यातच बसेल.

व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांसाठी मुद्दा वेगळा आहे. नवं कार्ड एव्ही१ या नव्या प्रकारात व्हिडिओ तयार करू शकतं, जुनं करू शकत नाही. पण ग्राहकाला नेहमीची एमपी४ फाइलच द्यायची असेल तर दोन्ही कार्डं ते काम करतात.

आणि ऑफिसातलं काम ऑटोकॅडमधले साधे टूडी नकाशे, टॅली आणि बिलं एवढंच असेल, तर यातलं कुठलंच कार्ड घेऊ नये. त्या पैशात चांगला प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी घेतलेली बरी.

कोकणात विजेचा प्रश्न वेगळा

ए४००० पूर्ण जोर लावल्यावर १४० वॅट घेतं, नवं १३० वॅट. बिलात हा फरक जाणवणारही नाही. वर्षाला २,४०० तास वापरलं तरी फरक २४ युनिटचा.

खरा फरक वेळेत आहे. पावसाळ्यात झाड पडून लाइट जाणं गुहागरला नवीन नाही. २०२० च्या निसर्ग वादळानंतर शेजारच्या दापोली-मंडणगडमधल्या अनेक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. काम जितक्या कमी तासांत संपेल, तितकी ते मध्येच तुटण्याची शक्यता कमी. म्हणून यूपीएसचा खर्च कार्डाच्या किमतीतच धरायला हवा. लांबलचक व्हिडिओ रेंडर करताना एकेक चित्र वेगळं सेव्ह होईल अशी सेटिंग ठेवली तर लाइट गेली तरी आधीचं काम वाया जात नाही.

इन्व्हर्टरवर चालणाऱ्यांसाठी तिसरा पर्यायही आहे, आरटीएक्स ४००० एसएफएफ एडा. वेग जुन्या ए४००० इतकाच, १९.२ टेराफ्लॉप्स, मेमरी २० जीबी, पण वीज फक्त ७० वॅट. मेमरीचा रस्ता मात्र यात आणखी हळू, सेकंदाला २८० जीबी. बाजारात आलं तेव्हा किंमत ४००० एडाइतकीच होती, १,२५० डॉलर.

जुन्या मशीनमध्ये कार्ड बसवणाऱ्यांनी वायरही पाहून घ्यावी. ए४००० ला साधी ६ पिनची वायर लागते, ४००० एडाला नवी १६ पिनची. ती पॉवर सप्लायला नसेल तर जोडणी वेगळी घ्यावी लागते. सेकंडहँड ए४००० घेताना मूळ बिल आणि उरलेली वॉरंटी तपासावी. समुद्राजवळच्या खाऱ्या, दमट हवेत वापरलेलं कार्ड असेल तर पंखा आणि जोडाचे भाग उघडून पाहावेत.

अंजनवेलचा हिशोब इथेही लागू

क्षमता विकत घेणं आणि क्षमता वापरणं यातला फरक गुहागर तालुक्याला कुणी शिकवायला नको. अंजनवेलला एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि मे २००१ मध्ये बंद पडला. भांडणाचा एक मोठा मुद्दा होता स्थिर आकाराचा. वीज मंडळाने वीज कमी उचलली तरी तो आकार द्यावाच लागायचा, त्यामुळे उचललेल्या प्रत्येक युनिटचा दर चढायचा. यंत्रं आधुनिक होती. गणित वापरावर बिघडलं.

ग्राफिक्स कार्डाची किंमत हा असाच स्थिर आकार आहे. समजा कार्ड १,२०,००० रुपयांना पडलं आणि चार वर्षं चाललं. वर्षाला २,००० तास वापरलं तर तासाला १५ रुपये. वर्षाला २०० तासच वापरलं तर तासाला १५० रुपये. कार्ड तेच, किंमत दहापट.

वापर कमी असेल तर भाड्याचा पर्याय आहे. केंद्र सरकारच्या इंडिया एआय मिशनला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्यातून विद्यार्थी, संशोधक आणि स्टार्टअप यांना एआयच्या कामासाठी सरासरी ६५ रुपये तासाच्या आसपास जीपीयू मिळतील असं सरकारने सांगितलं आहे. रेंडरिंगसाठीही खासगी कंपन्या तासावर मशीन देतात. मात्र त्यासाठी मोठ्या फाइल चढवता येतील असं भरवशाचं इंटरनेट लागतं.

मग शेवटी काय घ्यावं?

रोज रेंडरिंग होत असेल किंवा १६ जीबी कमी पडत असेल, तर ४००० एडा. छोटी एआय मॉडेल्स चालवायची असतील आणि ए४००० बिल-वॉरंटीसह बरंच स्वस्त मिळत असेल, तर ए४०००. किमतीतला फरक २० टक्क्यांहून कमी असेल तर जुन्याकडे जाण्यात फारसा अर्थ नाही.

२०२५ मध्ये याच मालिकेत २४ जीबीचं आरटीएक्स प्रो ४००० ब्लॅकवेल आलं आहे. नवं मॉडेल आलं की एरवी जुन्यांचे भाव उतरतात, पण मेमरी महाग असताना त्यावर विसंबून थांबणं धोक्याचं आहे. दुकानात जाण्याआधी एक महिना कार्डाला लागेल असं काम रोज किती तास होतं याची वहीत नोंद ठेवा, आणि सॉफ्टवेअर किती मेमरी वापरतं ते टास्क मॅनेजरमध्ये पाहा. हे दोन आकडे हातात असले, तर दुकानदार काय सांगतो यावर निर्णय सोपवावा लागणार नाही.