लाइनी दोन, चर एकच

सहकारी बँकेच्या शाखांचं नेटवर्क सांभाळणं हे माझं काम. काउंटरवर ‘सर्व्हर डाउन’ची पाटी लागली की ग्राहक आमच्या नावानं बोटं मोडतात. बहुतेक वेळा सर्व्हर ठणठणीत असतो. वाटेत कुठंतरी जेसीबीनं फायबर तोडलेली असते.

यंदा एका शाखेत दोन कंपन्यांच्या लाइनी एकाच वेळी गेल्या. जाऊन पाहिलं, तर गटारासाठी खणलेल्या चरात एक नारिंगी आणि एक निळी नळी हातभर अंतरावर तुटून लोंबत होती.

खरं तर इंटरनेटमागचं, माहिती तुकड्या-तुकड्यांनी पाठवण्याचं तंत्र तुटातुटीत टिकण्यासाठीच सुचलं. अणुहल्ल्यानंतरही संदेश पोचावेत म्हणून अमेरिकेत रँड संस्थेतल्या पॉल बॅरन यांनी साठच्या दशकात ते मांडलं. ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना १९६५मध्ये तेच स्वतंत्रपणे सुचलं. १९६९मध्ये इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट त्यावर उभं राहिलं. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोलणं संपेपर्यंत अख्खी लाइन अडून राहायची. इथं माहितीची पॅकेटं पडतात, साधारण १,५०० बाइटपर्यंतची. प्रत्येकावर कुठून निघालं, कुठं जायचं ते लिहिलेलं. राउटर पत्ता पाहून पुढचा टप्पा ठरवतो आणि फारच गर्दी झाली तर पॅकेट चक्क टाकून देतो. क्रम लावणं, हरवलेलं पुन्हा पाठवणं ही जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांची. एक वाट तुटली की राउटर दुसरी धरतो.

पण दुसरी वाट असायला तर हवी! किमान गरजेच्या तीन-चार पट जोडण्या असतील तर जाळं मोठ्या हल्ल्यातही तग धरतं, असं बॅरन यांनी गणितानं दाखवलं होतं. आपण जोडण्या कागदावर मोजतो. खोदाईची परवानगी महाग, म्हणून दुसरी कंपनी अनेकदा पहिलीचीच नळी भाड्यानं घेते. बिलं दोन येतात, वाट एकच राहते.

खोदण्याआधी कळवण्यासाठी केंद्राचं ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप २०२३पासून आहे. त्यावर नोंद नसेल तर नगरपालिकांनी ठेकेदाराचं बिल अडवावं. आणि बँका, रुग्णालयं, सरकारी कार्यालयांनी निविदेत ‘दोन सेवादाते’ एवढ्यावर भागवू नये. ‘दोन वेगळे मार्ग’ असं लिहावं, नकाशा मागावा आणि सही करण्याआधी तो रस्ता पायी पाहून यावा.