माणसाचं माणसाला, मशीनचं मशीनला

कमांड लाइनवरच्या टेस्टिंग टूलचं आउटपुट कसं असावं, यावर हापिसात वाद होतो तो सजावटीवरून. ठिपके बरे की टिकमार्क, टेस्टची नावं दिसावीत की नुसता आकडा... मंडळी, हे सगळं नंतर. आधी ते आउटपुट वाचणार कोण, ते ठरवा.

वाचणारे दोन. एक आपण. आपल्याला काय फुटलं, कुठल्या ओळीवर, काय हवं होतं आणि काय मिळालं एवढं पुरतं. दुसरी बिल्डची स्क्रिप्ट. तिला कायम एकच साचा लागतो. आणि आपण करतो काय, तर माणसासाठी छापलेला मजकूर स्क्रिप्टपुढे टाकतो आणि वर ग्रेप लावतो!

आरस्पेकचं घ्या. सगळं पास झालं की ते शेवटी छापतं, '२५ एक्झांपल्स, ० फेल्युअर्स'. कुणीतरी '० फेल्युअर्स' शोधणारं ग्रेप लिहितो आणि बिल्ड हिरवं करतो. मग एक दिवस १० टेस्ट फुटतात. आता '१० फेल्युअर्स'मध्ये '० फेल्युअर्स' आहेच की! बिल्ड हिरवंच. बॅशमध्ये आउटपुट पाइप करून टी कमांडला दिलं तरी तेच. पाइपफेल लावलं नसेल तर एक्झिट कोड टीचा येतो. टेस्ट फुटल्या तरी शून्य.

"पण ते एक्सएमएल वाचणार कोण?" अरे, तू वाचूच नकोस! पायटेस्टला जेयुनिट एक्सएमएलची फाइल मागितली तरी स्क्रीनवरचं आउटपुट तसंच राहतं. आरस्पेक एकाच रनमध्ये दोन फॉरमॅटर चालवतं. गोच्या टेस्ट कमांडला २०१८ साली १.१० आवृत्तीत जेसन आलं. फक्त एक पथ्य पाळा. पायटेस्ट ती फाइल रन संपताना लिहितं, तेव्हा फाइल नाही म्हणजे नापास.

ही अक्कल जुनीच आहे. १९८७ साली पर्लच्या पहिल्या आवृत्तीबरोबर टॅप आलं. त्यात किती टेस्ट होणार ते एका ओळीत सांगायचं, मग प्रत्येकीचं 'ओके' किंवा 'नॉट ओके'. चाळीस सांगून स्क्रिप्ट एकतिसावर मेली, तर नऊ गायब आहेत हे लगेच कळतं.

शुक्रवारी रात्री कुणीतरी त्या हिरव्या दिव्याच्या भरवशावर रिलीज करतं. सोमवारच्या कॉलवर "नीट टेस्ट केलं नव्हतं का?" हे ऐकून घ्यावं लागतं टेस्टरला. बिचाऱ्याच्या टेस्टने वेळेवर बोंब मारलेली असते, पण ती ऐकायला कुणी ठेवलेलंच नसतं.

असो. उद्या हापिसात गेलात की तुमच्या ब्रँचवर एक टेस्ट मुद्दाम फोडून बघा. बिल्ड लाल झालं तर चहा प्या. हिरवंच राहिलं, तर आजवरचे किती हिरवे दिवे खरे होते, ते मोजायला बसा.