घोडा, ट्रेलर आणि मधली पिन

हायवेच्या कडेला उभे राहिले की मुले ट्रेलरची चाके मोजू लागतात. चौदा, अठरा, बावीस! पुणे-बेंगळूर रस्ता, पूर्वीचा एन. एच. 4 आणि आताचा 48, आपल्या दारावरून गेला आणि हा खेळ आपल्या मुलांना फुकटात मिळाला. पण निपाणी, संकेश्वर, बेळगाव, कित्तूर या पट्ट्यात कितीतरी घरे अशी आहेत की ज्यांचा कर्ता माणूस त्या चाकांच्या वर बसलेला असतो. त्यांच्यासाठी हा खेळ नव्हे, पोट आहे. म्हणून आज थोडे ट्रेलरविषयी.

ट्रेलर म्हणजे एक गाडी नव्हे, दोन. पुढच्या इंजिनवाल्या भागाला आपले चालक ‘घोडा’ म्हणतात. किती नेमका शब्द! घोड्याच्या पाठीवर एक जाड लोखंडी थाळी असते, तिचे नाव फिफ्थ व्हील. म्हणजे पाचवे चाक. नाव घोडागाडीच्या काळातले आहे. चार चाकी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर जी आडवी चकती बसवीत, ती पाचवी. ट्रेलरच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक पिन लोंबते, किंगपिन. दोन इंच किंवा साडेतीन इंच जाडीची. ती थाळीच्या खाचेत शिरते आणि आतला जबडा तिला धरतो. चाळीस फुटी कंटेनर, त्यातला सगळा माल आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याचा जीव, सगळे त्या एका पिनेवर.

नुकसान होते ते बहुतेक वेळा हायवेवर नव्हे, यार्डात. घाईने घोडा मागे घेतला जातो आणि खाली उतरून कोणी बघत नाही. ट्रेलर आपल्या दोन पुढच्या पायांवर उभा असतो. तो उंच राहिला असेल तर पिन खाचेवरून पुढे निघून जाते आणि ट्रेलरचे तोंड केबिनच्या पाठीवर आदळते. फार खाली असेल तर घोड्याची चासी त्याला धडकते, ट्रेलर मागे ढकलला जातो आणि पाय वाकतात. थाळीच्या मागच्या उतारावर ट्रेलर टेकावा आणि घोड्याने त्याला किंचित उचलून घ्यावे, इतकीच उंची बरोबर. त्यासाठी टेकण्याआधी हातभर अंतरावर थांबावे, उतरावे, वाकून पाहावे, पाय फिरवून उंची जुळवावी. दोन मिनिटांचे काम आहे. वाकलेला पाय सरळ करायला गॅरेजमध्ये दोन दिवस जातात.

‘खट्’ असा आवाज आला म्हणजे पिन बसली, असे नवीन पोरे समजतात. आवाज खोटा असू शकतो. जबडा अर्धाच मिटलेला असतो आणि पहिल्या खड्ड्यात किंवा पहिल्या वळणावर ट्रेलर सुटतो. म्हणून ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून, पहिल्या गियरमध्ये घोडा हळूच पुढे ओढून पाहायचा. मग बॅटरी घेऊन खाली बघायचे. थाळी आणि ट्रेलर यांच्यात फट नको, जबडा पिनेभोवती पूर्ण हवा आणि हँडल आत जाऊन त्याचा खटका लागलेला हवा.

त्यानंतर हवेचे पाइप. इथे मला थोडे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण इथे लोखंड नव्हे, माणूस मोडतो. लाल पाइपमध्ये हवा नसली की ट्रेलरचे ब्रेक आपोआप आवळलेले राहतात. तो जोडला की हवा भरते आणि ते सुटतात. घोड्याचा हँडब्रेक ओढलेला नसेल आणि जमीन थोडी जरी उताराची असेल, तर चालक खाली, पाइप हातात आणि गाडी आपली चालू लागते. चालक तिच्या आडवा धावतो. धावू नये, पण धावतो, कारण ती गाडी त्याची नसते, मालकाची असते.

आणि हाच मुद्दा मालक मंडळींनीही ऐकावा. नुकसानीचे पैसे चालकाच्या पगारातून कापण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्याने शिस्त येते असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. पगार कापला जाणार हे माहीत असलेला माणूस पिनेला धक्का बसला तर सांगत नाही. दुखावलेली पिन तशीच पुढे चोर्ल्याच्या घाटात जाते.

ट्रेलर सोडताना क्रम उलटा. आधी ब्रेक, मग पाय जमिनीला, मग पाइप आणि वायर काढणे, शेवटी पिन. पाइप विसरून घोडा पुढे काढला की ते तुटतात, हे प्रत्येक यार्डात घडलेले असते. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पायाखाली जाड फळी घातलीच पाहिजे, नाहीतर भरलेला ट्रेलर रात्रीत नाक खुपसून बसतो.

मागे घेताना स्टेअरिंग उलटे चालते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण आपला चालक उजवीकडे बसतो, म्हणून ट्रेलरचे शेपूट शक्यतो उजवीकडे वळवत घ्यावे. डावीकडे वळवले तर आरशात ट्रेलरची भिंतच दिसते. कोन फार आवळला की केबिनचा कोपरा ट्रेलरला लागतो. तेव्हा हट्ट न धरता पुढे जाऊन सरळ करावे आणि पुन्हा यावे.

आता क्लीनरची भाषा. आपल्याकडे तो ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणता म्हणता ‘बरली, बरली’ म्हणू लागतो. अर्थ तंतोतंत तोच, त्यामुळे काही बिघडत नाही. बिघडते ते ‘एडक्के’ आणि ‘डावीकडे’ यात. भाषा कुठलीही असो, डावे कोणाचे? समोर तोंड करून उभ्या असलेल्या क्लीनरचे की चालकाचे? हे गाडी हलण्याआधी ठरवून घ्यावे, आणि खुणा एकानेच कराव्यात. जमलेले पाच जण पाच हात हलवतात! क्लीनर आरशातून दिसेनासा झाला की ब्रेक.

ऊस हंगाम सुरू झाला की हेच सारे ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांना लागू. तिथे तर दांडी हातात धरून पोरगा मधे उभा राहतो आणि ट्रॅक्टर मागे येतो. दांडी दगडावर किंवा जॅकवर टेकवावी, ट्रॅक्टर पूर्ण थांबवावा, मगच पिन घालायला माणसाने आत जावे. पिनेला खालून क्लिप हवी, सळईचा तुकडा नव्हे. आणि दोन भरल्या ट्रॉल्या मागे घ्यायची वेळ आली तर मागची सोडून एकेक घ्यावी.