झिजण्यासाठी घडलेली वस्तू

लेखनाच्या साधनांमध्ये लेखणीला मोठा मान आहे. सरस्वतीपूजनाच्या वेळी पाटीपुस्तकांशेजारी तिची स्थापना होते आणि तिच्या सामर्थ्याची तुलना तलवारीशी केली जाते. खोडरबराच्या वाट्याला असे कौतुक येत नाही. कंपासपेटीच्या तळाशी पडून राहायचे, कुणाचे काही चुकले की पुढे यायचे, थोडे झिजायचे आणि पुन्हा तळाशी जायचे, एवढेच त्याचे आयुष्य. जपानमध्ये मात्र या उपेक्षित वस्तूवर अनेक दशके कसून विचार झालेला आहे. तेथील खोडरबरांचे आकार, रंग आणि युक्त्या यांनी जगभरातील लेखनसाहित्याच्या शौकिनांना वेड लावले आहे. हे वेड म्हणजे केवळ हौस आहे, की त्यामागे विचार करण्यासारखे काही आहे, हा प्रश्न तपासून पाहण्याजोगा आहे.

खोडरबर ही तशी अलीकडची वस्तू. युरोपात पूर्वी पेन्सिलीची रेघ पुसण्यासाठी पावाचा गर वापरीत. झाडाच्या चिकापासून तयार होणारा एक पदार्थ पेन्सिलीच्या खुणा उत्तम पुसतो, अशी नोंद जोसेफ प्रिस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७० साली केली. घासून पुसण्याच्या या गुणावरूनच त्या पदार्थाला इंग्रजीत ‘रबर’ हे नाव पडले. पुढे टायरपासून चपलांपर्यंत ज्याचा संचार झाला, त्या पदार्थाचे नाव असे खोडण्याच्या कामातून आलेले आहे. मराठीने ‘रबर’ हा शब्द घेतला आणि त्यामागे ‘खोड’ जोडून ‘खोडरबर’ केले. जपानी भाषेनेही नेमके हेच केले. ‘केशि’ म्हणजे पुसणे आणि ‘गोमु’ म्हणजे रबर. म्हणून तेथे खोडरबराला ‘केशिगोमु’ म्हणतात. एकमेकींशी कोणतेही नाते नसलेल्या दोन भाषांनी एकाच वस्तूसाठी एकाच घडणीचा शब्द तयार केला, ही मौजेची गोष्ट आहे.

नाव असे असले, तरी आजच्या बहुतेक जपानी खोडरबरांत रबर नसते. ओसाका येथील सीड या कंपनीने १९५० च्या दशकात प्लॅस्टिकचे खोडरबर विकसित केले. पेन्सिलीचे शिसे म्हणजे वस्तुतः ग्रॅफाइट. त्याचे बारीक कण कागदाच्या तंतूंवर बसलेले असतात. जुने रबर ते कण उचलताना कागदही खरवडीत असे. प्लॅस्टिकचे खोडरबर मऊ असते. ते कणांना आपल्यात गुंडाळून घेते, त्यांच्या वळ्या होऊन गळून पडतात आणि खाली खोडरबराचा नवा स्वच्छ थर उघडा होतो. स्वतःचा मळलेला भाग टाकून देत देतच ते काम करते. त्याला मऊपणा देणारे द्रव्य इतर प्लॅस्टिकला मात्र बाधते. खोडरबर फूटपट्टीला चिकटून तिला खड्डा पडल्याचा अनुभव अनेक विद्यार्थ्यांना असतो, त्याचे कारण हेच. म्हणूनच त्याला कागदी वेष्टन असते. ते दिसायला सुबक असले, तरी मुळात शोभेसाठी आलेले नाही. काही वेष्टनांचे कोपरे कापलेले दिसतात, तेही अशाच हेतूने. खोडताना खोडरबर वाकते तेव्हा वेष्टनाची कड त्यात रुतून तुकडा पडू नये, एवढी काळजी त्यामागे असते.

तोम्बो या कंपनीचे ‘मोनो’ हे खोडरबर या परंपरेतील सर्वांत परिचित उदाहरण होय. १९६७ साली पेन्सिलींच्या डझनाबरोबर ते भेट म्हणून दिले जाई. लोकांना ते इतके आवडले, की १९६९ पासून ते स्वतंत्रपणे विकले जाऊ लागले. त्याच्या वेष्टनावरील निळ्या, पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या जपानी माणसाच्या मनात इतक्या ठसल्या आहेत, की २०१७ साली कोणत्याही अक्षराविना केवळ या तीन रंगांना व्यापारचिन्ह म्हणून मान्यता मिळाली. फुकट मिळालेल्या वस्तूने मिळवलेला हा मान लहान नाही.

तथापि शौकिनांना भुरळ घालणाऱ्या खोडरबरांचा आणखी एक मोठा वर्ग आहे आणि खरा वाद तेथून सुरू होतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी मुलांमध्ये शर्यतीच्या मोटारींच्या आकाराच्या खोडरबरांची लाट आली. मुले बॉलपेनच्या खटक्याने त्या मोटारी मेजावर पळवीत. १९८० च्या दशकात एका चित्रकथेतील मल्लांच्या छोट्या पुतळ्यांनी तेच स्थान पटकावले. या वस्तूंना नावापुरते खोडरबर म्हणत. अक्षर पुसण्याच्या कामी त्या जवळजवळ निरुपयोगी होत्या. पुढे टोकियोजवळच्या सैतामा प्रांतातील इवाको या कंपनीची खोडरबरे जगभर पोहोचली. भाज्या, फळे, प्राणी, मिठाया अशा असंख्य आकारांतील ही खोडरबरे वेगवेगळ्या रंगांच्या भागांची बनलेली असतात. ते भाग सुटे करता येतात आणि पुन्हा जुळवता येतात. तळहातावर मावणारी ती छोटी शिल्पे पाहिली, की मोठ्या माणसांनाही मोह होतो.

आणि मोह झाला, की ती वापरली जात नाहीत. डब्यात रांगेने मांडली जातात, मित्रांना दाखवली जातात. परंतु कागदाला त्यांचा स्पर्श होत नाही. जपानमधील अनेक प्राथमिक शाळा मुलांना साधेच खोडरबर आणायला सांगतात, कारण आकर्षक खोडरबर हाती आले की लक्ष धड्यावर राहत नाही. शिक्षकांची ही तक्रार खोटी नाही. शिवाय ज्या वस्तूचे प्रयोजन पुसणे हे आहे, ती न वापरता जपून ठेवणे म्हणजे तिला तिच्या कामापासून दूर करणे होय. प्लॅस्टिकच्या वस्तू गरजेवाचून गोळा करण्याच्या सवयीचे ओझे पृथ्वीवर पडते, हेही विसरता येत नाही. या आक्षेपांना ‘मुलांची हौस’ एवढेच उत्तर पुरेसे नाही.

मग जपानी खोडरबरांच्या आकर्षणाचे समर्थन कशाच्या आधारे करायचे? त्याचे उत्तर आकारांच्या गमतीत सापडत नाही. ते एका साध्या निरीक्षणात सापडते. नवे खोडरबर हाती आले, की त्याच्या कोपऱ्याने खोडण्यात एक वेगळाच आनंद असतो. कोपरा अणकुचीदार असतो; शेजारच्या अक्षराला धक्का न लावता चुकलेली मात्रा तेवढी पुसता येते. पण चार-सहा वापरांत कोपरा गोल होतो आणि तो आनंद संपतो. हा अनुभव जगातील प्रत्येक विद्यार्थ्याने घेतलेला आहे. त्याकडे एका जपानी अभिकल्पकाने गंभीरपणे पाहिले. त्यातून ‘कादोकेशि’ हे खोडरबर जन्मले आणि कोकुयो या कंपनीने ते २००३ साली बाजारात आणले. ‘कादो’ म्हणजे कोपरा. दहा छोटे घन एकाआड एक जोडून तयार केलेल्या या खोडरबराला अठ्ठावीस कोपरे आहेत. एक झिजला की दुसरा पुढे येतो. ज्या कोकुयोने हे खोडरबर घडवले, तिचे नाव पुढे मराठी घरांतही आले. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या उद्योगातून वाढलेल्या कॅम्लिनमध्ये तिने २०११ साली मोठी भागीदारी घेतली.

प्लस या कंपनीचे फुजी पर्वताचे खोडरबर याच जातीचे आहे. ते विकत घेताना निळ्या-पांढऱ्या रंगांचा एक साधा ठोकळा दिसतो. खोडता खोडता त्याचे कोपरे झिजतात आणि हळूहळू बर्फाच्छादित शिखराचा आकार प्रकट होतो. जो ते पेटीत जपून ठेवील, त्याला पर्वत कधीच दिसणार नाही.

या दोन उदाहरणांत आणि कपाटात मांडलेल्या प्राण्याफळांत महत्त्वाचा फरक आहे. एका प्रकारचे सौंदर्य वापराला भिते. पहिल्याच घासण्यात ते बिघडते. दुसऱ्या प्रकारचे सौंदर्य वापरावाचून पूर्ण होत नाही. शौकिनाने दोन्हींचे कौतुक करावे. परंतु खोडरबराला न्याय दुसऱ्या प्रकारात मिळतो. लोखंडाचा कीस मिसळून केलेली खोडरबरे असतात. त्यांच्या वळ्या लोहचुंबकाने उचलता येतात आणि मेज स्वच्छ राहते. पारदर्शक खोडरबरे असतात. त्यांच्याखाली नेमके काय पुसले जात आहे हे दिसते. लेखणीसारख्या नळीत बसवलेले अवघ्या २.३ मिलिमीटर जाडीचे खोडरबर असते. त्याने एकच अनुस्वार पुसता येतो. यांतील प्रत्येक कल्पनेच्या मुळाशी लिहिणाऱ्याची एखादी बारीकशी अडचण आहे. ती अडचण कुणीतरी क्षुल्लक मानली नाही, हेच या वस्तूंचे खरे आकर्षण होय.

येथे आणखी एक आक्षेप संभवतो. चूक पुसूनच का टाकावी? ती वहीत राहिली, तर पुढच्या वेळी सावध करील, असे काही शिक्षक मानतात. गणितातील चुकलेली पायरी तशीच ठेवून शेजारी बरोबर पायरी लिहावी, हा सल्ला शहाणपणाचाच आहे. पण प्रत्येक चूक शिकवणारी नसते. घाईत घसरलेला काना किंवा वाकडी आलेली रेघ जपून ठेवण्यात काही लाभ नाही. शिवाय चूक कायम राहणार, हे माहीत असले की नवशिक्या हात कागदावर टेकण्यापूर्वीच थबकतो. पुसण्याची सोय असली, की तोच हात धीट होतो. खोडरबर चुकांना उत्तेजन देत नाही. प्रयत्न करण्याची भीती मात्र ते कमी करते.

ही भीती फक्त लहान मुलांनाच असते असे नाही. मध्येच शिक्षण सुटलेली आणि कित्येक वर्षांनी पुन्हा वही उघडणारी व्यक्ती पहिले वाक्य लिहिताना किती अडखळते, हे मुक्त विद्यालयाच्या अभ्यासकेंद्रात कुणालाही पाहता येईल. संसार, नोकरी, वय या साऱ्यांचे दडपण त्या हातावर असते. चुकलेले अक्षर मुलांच्या किंवा सहकाऱ्यांच्या दृष्टीस पडेल, ही लाज अभ्यासक्रमाहून अवघड वाटते. अशा वेळी शेजारी ठेवलेले खोडरबर त्या व्यक्तीला एवढेच सांगते, की चूक होणार हे आधीच धरलेले आहे आणि तिची सोयही केलेली आहे. त्याची किंमत पाच रुपये असो वा परदेशी दुकानातील पाचशे रुपये, हे आश्वासन दोन्हींत सारखेच असते.

जपानी शाळकरी मुलांमध्ये एक जुनी समजूत आहे. आवडत्या व्यक्तीचे नाव खोडरबरावर लिहायचे, ते वेष्टनाखाली झाकायचे आणि कुणालाही न दिसता ते खोडरबर पूर्ण वापरून संपवायचे. तसे केले, तर मनातील इच्छा पूर्ण होते म्हणतात. समजुतीच्या खरेखोटेपणात शिरण्याचे कारण नाही. मात्र तिची अट लक्षात घेण्यासारखी आहे. खोडरबर नुसते जपून ठेवले तर फळ मिळत नाही; रोज थोडे थोडे लिहावे लागते, चुकावे लागते आणि ते संपेपर्यंत झिजवावे लागते. सुंदर खोडरबर अवश्य घ्यावे, त्याच्या घडणीचे कौतुकही करावे. परंतु त्याचा पहिला कोपरा शक्य तितक्या लवकर कागदाला लावावा.